काय फोडलंस?

मावशीच्या वर्कशॉपात नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला जाई. नाव नाही, इयत्ता नाही, बाप काय करतो तेही नाही. मूल दाराशी आलं की हातातलं काम न थांबवता, मान वर न करता मावशी विचारी, "काय फोडलंस?"

उत्तर सरळ द्यावं लागे. 'चुकून लागलं', 'मी नव्हतो, तो होता', 'सगळेच मारत होते' असल्या उत्तरांना मावशीचे कान बंद असत. ती काच कापत राही आणि पोरगं दारात ताटकळत राही. शेवटी कंटाळून ते खरं बोले. "रस्त्यावरचे दिवे." "दुकानाचं शटर वाकवलं." "गाड्यांची चाकं." तेवढं ऐकलं की मावशी खुंटीवरचे कातडी हातमोजे त्याच्या अंगावर फेकी आणि तो मुलगा त्या क्षणापासून आतला होई. मग बाकीची पोरं त्याचं बारसं करत. दिवे फोडणारा 'अंधार', चाकं भोसकणारा 'पंक्चर'. ज्याने जे फोडलं तेच त्याचं नाव, आणि गंमत अशी की पोरं ती नावं पदवीसारखी मिरवत.

मावशी काचवाली होती. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या काचा, आरसे, सगळं बसवायची. धंदा नवऱ्याने शिकवला आणि शिकवून झाल्यावर तो घाई असल्यासारखा लवकर निघून गेला. मागे राहिली लांबलचक शेड, काच कापायचं टेबल, आणि मावशीची जीभ. जिभेला धार नवऱ्याच्या वेळेपासूनच होती, पण तो ऐकून घ्यायचा. आता ती धार गिऱ्हाइकांच्या वाट्याला आली होती.

मुलं तिच्याकडे आली ती बालपथकातल्या पोलीसबाईंमुळे. पोलीसबाई एकदा तिच्याकडे आरसा घ्यायला आल्या आणि आरसा राहिला बाजूला, भलतंच बोलून गेल्या. म्हणाल्या, "मावशी, फोडणारे माझ्याकडे येतात आणि फुटलेलं तुमच्याकडे. दोघांची गाठ घालून देऊ या का?"

"मी काय सुधारगृह उघडून बसलेय?" मावशी म्हणाली.

"तेच तर. तिथं जाऊ नयेत म्हणून म्हणते."

झालं ते असं. पहिल्यांदाच सापडलेलं आणि किरकोळ काही केलेलं मूल मुलांच्या कोर्टात पाठवायचं नाही, दुपारी शाळा सुटल्यावर मावशीकडे पाठवायचं. त्याने जे फोडलं ते त्याच्याच हाताने बसवून घ्यायचं, जमलं तर आणखी चार ठिकाणचं बसवायला शिकवायचं, आणि सहा महिने धड गेले की त्याच्या नावावर काही राहत नाही. काच, हातमोजे आणि चहाबिस्किटांचा खर्च वॉर्डाच्या समितीने उचलायचा. त्या शेडला कागदोपत्री 'केंद्र' म्हणायला लागले. मावशी मात्र शेडच म्हणे.

समितीत पोलीस ठाण्याचे मोठे साहेब होते. त्यांनी एक अट घातली, की पोलिसांनी पाठवलेलीच मुलं घ्यायची. "आख्ख्या वस्तीचं पाळणाघर करू नका," ते म्हणाले होते. "पैसे बिघडलेल्यांसाठी आहेत. धड आहेत त्यांना काय धाड भरलीय?" मावशीला तेव्हा ते शंभर टक्के पटलं होतं. शेड केवढी, हातमोजे किती, आणि तिच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला आहेत तेवढी पोरं पुरेशी होती.

तिला ती पोरं आवडत होती का? तिला विचारलं असतं तर तिने तुम्हाला दार दाखवलं असतं. पण पंक्चरला ताप आला तेव्हा त्याच्या घरी डाळिंबं घेऊन कोण गेलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

या मुलांत एक होता गोफण्या. त्याने स्वतः बनवलेल्या गोफणीने शाळेच्या व्हरांड्यातल्या खिडक्या एका ओळीत उडवल्या होत्या. नेम इतका पक्का की मावशीनेसुद्धा मनातल्या मनात दाद दिली. बाप कामासाठी दूर गेला तो तिकडचाच झाला होता. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला, चादरींच्या ढिगांत सकाळी शिरायची ती दिवेलागणीला बाहेर यायची. त्याला सुधारण्यासाठी सगळ्यांनी उपदेश करून पाहिला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी. सुधारला तो कशाने, तर मुख्याध्यापिकेच्या खोलीची काच त्याने स्वतः बसवली आणि बाई म्हणाल्या, "अरे, छान बसवलीस की." त्या दिवसापासून तो शाळेत जाताना वाट वाकडी करून ती खिडकी बघून येई.

त्याला एक बहीण होती, धाकटी. ती रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची.

ही मुलगी म्हणजे शिकवायला काही शिल्लक नसलेली मुलगी. वेणी घट्ट, पुस्तकांना कव्हरं, उत्तरपत्रिकेत समास सोडलेला. घरची भांडी ती घासायची, भात ती लावायची, आईचे पाय दुखले तर चेपायची, आणि दादाचा डबा तीच भरायची. डबा देऊन ती जायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि बघत बसायची. हिऱ्याचं कटर काचेवरून कसं एका दमात ओढतात, टेबलाच्या कडेवर काच कशी टक्कन मोडतात, काच चौकटीत पक्की करायची पुट्टी मळून तिची लांब वळकटी कशी करतात. बघताना तिचे हात आपोआप हलत.

"उजेड अडवू नकोस," मावशी म्हणायची.

ती वीतभर सरकायची.

एकदा तिने विचारलं, "मावशी, मी पुट्टी मळू?"

"तुला कोणी पाठवलंय?"

"नाही."

"मग नाही. इथं पाठवलेली मुलं असतात. तू शहाणी मुलगी आहेस, घरी जा, अभ्यास कर."

मावशीच्या लेखी हे कौतुक होतं. तिने इतक्या वर्षांत कोणाला शहाणी म्हटलं नव्हतं. मुलीने मान डोलावली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा त्याच जागी उभी.

घरीही तेच चालायचं. पोलीसबाई आठवड्यातून एकदा घरी चक्कर मारायच्या. जेवतो का, झोपतो का, चिडतो का, मित्र कोण, सगळं विचारायच्या, आणि सगळं गोफण्याबद्दलच. धाकटी चहा आणून द्यायची आणि रिकामा कप घेऊन जायची. "तुमची ही फार गुणी हो," पोलीसबाई म्हणायच्या आणि आई म्हणायची, "हिची मला काळजीच नाही." मग दोघी पुन्हा त्याच्या विषयाकडे वळायच्या. केंद्राची सहल काचेच्या भट्टीवर गेली, तेव्हा दादाची शिदोरी तिनेच बांधली. परत आल्यावर तो रात्रभर सांगत होता, की काच मधासारखी ओघळते, नळीतून फुंकली की फुगते. तिने सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, की तिथं मुली होत्या का.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. न रडणाऱ्या मुलाचं काय होतं ते कोणी म्हणून ठेवलेलं नाही.

तर एका दुपारी मावशीला ठाण्यातून निरोप आला. समोरच्या खोलीची मोठी काच फुटलीय, साहेबांच्या खुर्चीत वारा येतोय, लवकर या. त्या दिवशी डबा आला नव्हता आणि गोफण्या भुकेने कुरकुरत होता, म्हणून मावशीने त्यालाच गाडीवर घेतलं. मागे काचेचे दोन मोठे ताव उभे बांधले आणि दोघं निघाली.

ठाण्याच्या खिडकीत नुसती चौकट उरली होती, कडेला चारदोन सुळे. आत साहेब उजव्या हाताला पट्टी बांधून उभे होते. आणि भिंतीजवळच्या बाकावर, मांडीवर दप्तर आणि दप्तरावर डबा ठेवून, धाकटी बसली होती.

"तू इथं काय करतेस?" गोफण्या म्हणाला.

"काच फोडली."

"कोणाची?"

तिने हनुवटीने खिडकी दाखवली.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती आणि ऐकवायला त्यांना नवा माणूस हवाच होता. "बघा, मावशी, बघा. मी इथं बसून सही करतोय. समोर रस्त्यात ही उभी. मला वाटलं, रस्ता ओलांडायला थांबलीय. हिने दप्तर खाली ठेवलं, दगड उचलला, नेम धरला आणि मारला. काचा माझ्या हातावर. मी बाहेर धावणार, तर ही दार उघडून स्वतःच आत आली. पाय पुसले पायपुसण्याला. आणि म्हणाली, काच मी फोडली, कुठं बसू?"

एक हवालदार हसू दाबायला खोकला. साहेबांनी बघितल्यावर त्याचा खोकला बरा झाला.

तेवढ्यात आई आली. धुलाईखान्यातून तशीच धावत आली होती, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. ती आधी गोफण्याकडे गेली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "आता काय केलंस?"

"मी नाही, आई. हिने."

आईने धाकटीकडे बघितलं आणि हसली. खरंच हसली, कारण तिला ते खोटंच वाटलं. मग साहेबांचा चेहरा बघून तिचं हसू हळूहळू विरलं.

पोलीसबाई धाकटीजवळ बाकावर बसल्या. त्यांना या मुलीला सोडवायचंच होतं आणि त्यासाठी सोपी वाट त्यांना माहीत होती. "खेळत होतीस ना, बाळा? चेंडू लागला असेल."

"नाही. दगड होता."

"पण चुकून लागला."

"नाही. मुद्दाम मारला."

"कुत्र्याला हाकलत असशील," हवालदार म्हणाला. त्याला स्वतःला तेवढ्याच वयाची मुलगी होती.

"कुत्रं नव्हतं."

"अगं वेडे," गोफण्या दात आवळून पुटपुटला, "चेंडू म्हण. चेंडू म्हटलंस की घरी सोडतात. मला कोणी सांगितलं असतं तर मी…"

"तुझं झालं ना काम? मग तू गप्प बस," धाकटी म्हणाली.

एवढी माणसं जणू तिला हाताला धरून दाराकडे नेत होती आणि ती पाय रोवून बसली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मावशी खिडकीशी पकडीने काचेचे सुळे काढत होती आणि तिचा एक कान आत होता. तिला त्या मुलीचा राग आला होता. इतकी शहाणी, इतकी सरळ, आणि ही अक्कल. तिने एक सुळा इतक्या जोरात उपटला की तो हातमोज्यात घुसला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मुद्दाम तर मुद्दाम. मुलांच्या कोर्टात पाठवतो."

"साहेब, पहिलीच वेळ आहे," पोलीसबाई म्हणाल्या. "केंद्रात…"

"केंद्र किरकोळ गोष्टींसाठी आहे. हे ठाणं आहे. इथं दगड मारला, अधिकाऱ्याला लागलं, याला किरकोळ म्हणत नाहीत. हिला केंद्र मिळणार नाही. हिची केस कोर्टातच जाईल."

तेव्हा धाकटीने पहिल्यांदा मान वर केली. इतका वेळ ती शाळेत तोंडी परीक्षेला बसावं तशी ताठ बसली होती. आता तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला.

"का नाही?" ती म्हणाली. "दादापण खिडक्याच फोडून गेला ना? त्याने तर कितीतरी फोडल्या. मी एकच फोडली. आणि सरकारी फोडली, म्हणजे कोणा गरिबाचं नुकसान नको, आणि पोलिसांना शोधायला नको. मग मला का नाही?"

आईला कळलं नाही, साहेबांना कळलं नाही. मावशीला मात्र कळलं. पकड तिच्या हातातच राहिली. तिला ती चौकटीला टेकलेली मुलगी दिसली, ते हलणारे हात दिसले, आणि स्वतःचा आवाज ऐकू आला. तुला कोणी पाठवलंय? मग नाही. रोज डोळ्यांसमोर उभी होती आणि आपण काय म्हणत होतो, तर उजेड अडवू नकोस.

आता इथं एक गोष्ट होती आणि ती मावशीच्या लगेच लक्षात आली. पुढच्या आठवड्यात समितीची बैठक होती. केंद्राला पुढच्या वर्षी पैसे द्यायचे की नाही ते तिथं ठरणार होतं, आणि साहेब आधीपासूनच म्हणत होते की चोरांना चहाबिस्किटं कशाला. मुलीने दगड का मारला हे सांगितलं, तर साहेबांच्या हाती आयतं कोलीत. ते म्हणणार, केंद्र उघडलं आणि चांगली मुलंही दगड मारायला लागली. ते खोटंही नव्हतं. पंक्चर, अंधार, हा गोफण्या, सगळ्यांच्या दुपारी त्यावर टांगलेल्या होत्या. गप्प राहिलं तर केंद्र वाचत होतं आणि ही मुलगी कोर्टात जात होती, आणि तिने काय केलं हे सगळ्यांना कळणार होतं, का केलं ते कोणालाच नाही.

मावशीच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्या दिवशी ती टाळूला चिकटली. मग सुटली.

"साहेब," ती म्हणाली, "तिने तुमच्यावर दगड मारला नाही. तिने माझं दार ठोठावलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला माझ्याकडे यायचं होतं. पुट्टी मळायला. मी तिला सांगितलं, पाठवलेल्यांनाच घेते. पाठवतं कोण, तुम्ही. तुम्ही कोणाला पाठवता, जो फोडतो त्याला. मुलगी हुशार आहे, तिने हिशेब बरोबर केला."

साहेबांना जे सुचायला हवं तेच सुचलं. "म्हणजे मी समितीत काय सांगायचं? की तुमच्या केंद्रात शिरायला मुलं गुन्हे करायला लागलीत?"

"सांगा. खरंच आहे ते," मावशी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "पण आत यायचं तर फोडूनच यायचं, हा नियम आपल्या दोघांचा आहे, हेही सांगा. तुम्ही घातलात आणि मला पटला. मी रोज दारात विचारत होते, काय फोडलंस? आणि ही रोज दारात उभी राहून ऐकत होती."

आई धाकटीपुढे गुडघ्यांवर बसली. "मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगू?" धाकटी म्हणाली. आता ती रडायला लागली होती, पण शब्द नीट उच्चारत होती. "दादाने खिडकी बसवली तर सगळे बघायला गेले. मी रोज भांडी घासते, ती कोणी बघायला येत नाही. तू म्हणतेस, हिची काळजी नाही. मला वाटतं, करावी थोडी."

आईने ओल्या बाहीने मुलीचं नाक पुसलं आणि त्याच बाहीने स्वतःचं.

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वाऱ्याने टेबलावरचे कागद उडत होते आणि ते एका हाताने दाबत होते. शेवटी म्हणाले, "आधी ही काच बसवा. बाकीचं नंतर बघू." मग जरा थांबून, "जो फोडतो तोच बसवतो ना, तुमच्याकडे?"

"तोच बसवतो."

"मग बसवू दे तिला."

गोफण्याने स्वतःचे हातमोजे काढून बहिणीला दिले. ते तिच्या बोटांना मोठे होते. तिने मोजपट्टी घेतली, चौकट वरून मोजली, खालून मोजली, कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजली आणि माप सांगितलं. मावशीने ताव टेबलावर आडवा केला. मुलीने पट्टी लावली, कटर उचललं आणि ओढलं. पहिल्याच वेळी हात सरळ गेला. काच टक्कन सुटली. दारात उभं राहून किती शिकता येतं, ते मावशीने त्या दिवशी पाहिलं.

दोघा भावंडांनी काच उचलून चौकटीला लावली. ती बसेना. वरून दाबली तर खाली अडे, खालून सरकवली तर वर अडे.

"मी बरोबर मोजली होती," धाकटी म्हणाली. "अगदी तंतोतंत."

"म्हणूनच बसत नाही, वेडे," गोफण्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं काही येत होतं जे तिला येत नव्हतं, पण तो त्याचा तोरा न मिरवता बोलला. "तंतोतंत कापायची नसते. चारी बाजूंनी थोडी कमी. ऊन लागलं की काच फुगते, दार आपटलं की चौकट हलते. जागा नसली तर कोणी दगड न मारताच तडकते. मीपण पहिली तशीच कापली होती. मावशीने माझे कान उपटले होते."

हे तो शेडच्या आत सांगितलेलं सांगत होता. दारात ऐकू न गेलेलं.

मावशीने कान उपटले नाहीत. तिने मुलीच्या हातात पुन्हा कटर दिलं आणि चिंचोळी पट्टी कुठून काढायची ते बोटाने दाखवलं. "काप. मोडली तर दुसरा ताव आहे." आई भिंतीला टेकून बघत होती. एकटक, जणू ती मुलगी तिने आजच पाहिली.

या वेळी काच अलगद गेली. "साहेब, आतून हात लावा," मावशी म्हणाली. "नुसता टेकवा, दाबू नका." साहेबांना कोणी काम सांगायची सवय नव्हती, पण डावा तळहात त्यांनी मुकाट्याने काचेला टेकवला. बाहेरून धाकटी अंगठ्याने पुट्टी दाबत कडेकडेने येऊ लागली, जीभ दातांत धरून. मधे नुसती काच. साहेब तिच्याकडे बघत होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

खिडकीचं वरचं झडप उघडं होतं. त्यातून साहेब म्हणाले, "मुली, ऐक. चेंडू होता."

"दगड होता, साहेब."

"या ठाण्यात मी मोठा की तू? चेंडू होता, चुकून लागला, काच भरून दिली. प्रकरण संपलं."

हवालदाराने सुस्कारा सोडला. धाकटीचा अंगठा पुट्टीवर थांबला. "मग केंद्रात?"

"चेंडूवाल्यांना केंद्र नसतं."

ती सुटली होती आणि सुटल्याचंच तिला दुःख झालेलं स्पष्ट दिसत होतं. तिने मुकाट्याने पुट्टी दाबायला घेतली, कारण अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"उद्या दुपारी ये," मावशी म्हणाली.

"डबा घेऊन?"

"आत ये. कामाला."

"पण माझ्यावर काहीच नाही आता. साहेब म्हणाले ना?"

"म्हणूनच ये."

"मावशी," झडपातून साहेबांचा आवाज आला, "नियम आहे."

"होता. तो माझ्या हातून फुटला असं समितीत सांगा. मला विचारलं तर मीही सरळ सांगेन, काय फोडलं ते." मावशीने कडेची पुट्टी बोटाने तपासली. "पैसे बंद केलेत तर करा. पुट्टीला फार लागत नाही."

साहेबांचा हात अजून काचेवरच होता. "काढू का हात?" त्यांनी विचारलं.

"काढा. बसली."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये नेहमीची खटपट चालू होती. समितीत काय होणार ते कोणाला माहीत नव्हतं. साहेबांनी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. मावशी मोठा आरसा कापत होती. दारात सावली पडली तशी ती मान वर न करता म्हणाली, "काय फोडलंस?"

"ठाण्याची काच," धाकटी म्हणाली. चेंडूबिंडू काही नाही.

आतून पंक्चरने शीळ घातली आणि अंधार म्हणाला, "ठाणेदार आली रे." तिचं बारसं तिथंच झालं. मावशीने खुंटीवरचे हातमोजे फेकले, ते तिने दोन्ही हातांनी झेलले आणि ती आत आली.

पण दारातली सावली हलली नाही. तिच्या मागे आणखी एक मुलगा उभा होता. पंक्चरचा धाकटा भाऊ. भांग पाडलेला, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, दोन्ही हात मागे.

"काय फोडलंस?" मावशीने सवयीने विचारलं.

मुलगा लाल झाला. त्याने दादाकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं, मग बुटांकडे. आणि मोठा गुन्हा कबूल करावा तसा खाली बघून पुटपुटला, "काही नाही."

मावशीचा हात काचेवर थांबला. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"बूट घातलेत ना?" ती म्हणाली. "मग ये आत. खाली काचा असतात."